बायबलमधला हेवा कसा वाचायचा : नव्याने वाचणाऱ्यांसाठी

बायबल पहिल्यांदाच हातात घेतलेली बरीच माणसं उत्पत्तीपासून उत्साहाने सुरुवात करतात आणि लेवीयच्या नियमांपाशी येऊन अडकतात. ओळीने सगळं वाचून काढायचा हट्ट सोडला तर एक सोपी वाट आहे. माणसाच्या मनातली एकच गोष्ट धरायची आणि तिचा माग काढत पुस्तकभर हिंडायचं. त्यासाठी मला हेवा सगळ्यात चांगला वाटतो. राग आला तर माणूस सांगतो, भीती वाटली तरी सांगतो. हेवा वाटला हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून बायबलच्या लेखकांनाही तो नजरेतून, कपड्यांतून, जेवणातून दाखवावा लागला आहे, आणि तो शोधता शोधता वाचकाला सावकाश वाचायची सवय लागते. तुम्ही श्रद्धेने वाचत असाल किंवा कुतूहलाने, पद्धत तीच.

सामान थोडंच लागतं: मराठी बायबल, एक वही आणि दोनेक आठवडे रोजचा अर्धा तास. कुठली प्रत घ्यावी, असा प्रश्न लगेच येतो. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत ७३. आपल्या विषयापुरता त्यातला एक फरक लक्षात ठेवावा. शलमोनाच्या नावावर असलेल्या ज्ञानाच्या पुस्तकात (२:२४) सैतानाच्या हेव्यामुळे मरण जगात आलं असं म्हटलं आहे, आणि ते पुस्तक प्रोटेस्टंट प्रतीत मिळणार नाही. संदर्भ कसे वाचायचे हेही सांगून टाकते: १ शमुवेल १८:९ म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला अठरावा अध्याय, नववं वचन.

पहिली पायरी : शब्दांची ओळख

मराठीत हेवा, मत्सर, ईर्ष्या, असूया असे बरेच शब्द आहेत, आणि आपण ते फारसा विचार न करता अदलाबदल करून वापरतो. मैत्रिणीची नवी साडी पाहून ‘हेवा वाटतो बाई तुझा’ असं म्हणतो तेव्हा त्यात कौतुकच असतं. बायबलमधला हेवा इतका सौम्य नाही.

जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाच्या, हिब्रूत यासाठी ‘किन्आ’ हा एकच शब्द येतो आणि त्याच्या पोटात मत्सर, ईर्ष्या, आवेश, निष्ठेची धग असं सगळं मावतं. नवा वाचक अडखळतो तो इथेच. निर्गम २०:५ मध्ये देव स्वतःला ‘ईर्ष्यावान’ म्हणवतो, आणि वाचक विचारतो, मग हेवा वाईट कसा? अशा वेळी एक प्रश्न विचारून पाहावा. हा माणूस (किंवा देव) आपल्याशी बांधलेलं नातं राखतो आहे, की दुसऱ्याला मिळालेलं त्याला पाहवत नाही? देवाची ईर्ष्या पहिल्या प्रकारची आहे, लोकांशी केलेला करार मोडला जात असताना पेटलेली. आपण शोधतो आहोत तो दुसरा प्रकार.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. ‘झेलोस’ हा किन्आसारखाच दुहेरी, चांगलाही आणि वाईटही. ‘फ्थोनोस’ मात्र कडवट, दुसऱ्याचं बरं न पाहवणारा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (५:२०-२१) देहाच्या कर्मांची यादी आहे, तिथे हे दोन्ही शब्द अगदी जवळजवळ येतात. मराठीत त्यांना कुठले प्रतिशब्द दिलेत ते आपल्या प्रतीत पाहा, आणि जमलं तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, हिब्रू आणि ग्रीक मुळावरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम केलं. ते भाषांतर हाती लागलं तर जरूर ताडून पाहा. एकाच वचनाची दोन मराठी रूपं समोर आली की शब्दाची धार कळते.

लोभ वेगळा, हेही इथेच लिहून ठेवावं. दहावी आज्ञा शेजाऱ्याचं घर, बायको, बैल, गाढव यांचा लोभ धरू नको म्हणते. लोभी माणसाला वस्तू हवी असते. हेवा करणाऱ्याला ती वस्तू नकोशीही असेल, फक्त ती त्या माणसाकडे असलेली त्याला सोसत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेव्याला ‘दुसऱ्याच्या भल्याचं दुःख’ म्हटलं, ते मला सगळ्यात नेमकं वाटतं.

दुसरी पायरी : जिथे शब्दच नाही तिथून सुरुवात

उत्पत्ती ४:१-१६. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. दोघे देवाला अर्पण आणतात. हाबेलाचं देवाला आवडतं, काइनाचं आवडत नाही. या गोष्टीत हेवा हा शब्द एकदाही येत नाही. येतं ते एवढंच: काइनाला राग आला आणि त्याचं तोंड उतरलं. हिब्रूतही ‘चेहरा पडला’ असंच आहे, म्हणजे हा वाक्प्रचार मराठीत जसाच्या तसा येऊन बसला. हा अध्याय मला मराठीतून वाचताना परका वाटत नाही तो यामुळे.

आता पेन्सिल घ्या आणि दुसऱ्या वचनापासून अकराव्यापर्यंत ‘भाऊ’ हा शब्द मोजा. सात वेळा येतो. हाबेल काइनाचा भाऊ आहे हे वाचकाला केव्हाच कळलेलं असतं, तरी लेखक ते पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. दुसरी गोष्ट पाहा: हाबेल अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. मेल्यावर त्याचं रक्त तेवढं जमिनीतून ओरडतं.

तिसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती घाईत वाचताना हमखास निसटते. देव बोलतो ते काइनाशी, आणि खून होण्याआधी. ‘तू का संतापलास? तुझं तोंड का उतरलं?’ असं विचारतो, पाप दाराशी टपून बसलंय म्हणतो, त्याच्यावर ताबा ठेव म्हणतो. ज्याचं अर्पण नाकारलं, त्याच्याशीच देव बसून बोलतो आहे. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

काइनाचं अर्पण का आवडलं नाही, हे उत्पत्तीत थेट सांगितलेलं नाही. हाबेलाने कळपातले पहिलटकरू आणि त्यांची चरबी आणली, काइनाने ‘जमिनीचा उपज’ आणला, एवढी एक खूण आहे. नव्या करारातली पत्रं पुढे कारणं देतात. पण पहिल्या वाचनात ती जागा रिकामीच राहू द्या. आपल्यालाही आयुष्यात दुसऱ्याचं फळलं आणि आपलं का नाही, याचं उत्तर बऱ्याचदा मिळत नाही. काइन नेमका त्या जागी उभा आहे.

तिसरी पायरी : नात्यांचा तक्ता

वहीत तीन रकाने आखा: हेवा कोणाला, कोणाचा, दोघांचं नातं काय. मग भराभर वाचत भरत जा. राहेल आणि लेआ (उत्पत्ती ३०): सख्ख्या बहिणी. योसेफ आणि त्याचे भाऊ (उत्पत्ती ३७). मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलतात (गणना १२), ती तिघंही भावंडं. राजा शौल आणि दावीद: सासरा आणि जावई, एकाच ताटापाटाचे. तक्ता भरला की दिसतं, हेवा लांबच्या राजाचा कोणी करत नाही. मराठीत ‘भाऊबंदकी’ म्हणजे भांडण, हे आपण अनुभवातूनच ठरवलेलं आहे.

लांबचा म्हणावा असा एक प्रसंग आहे, उत्पत्ती २६:१४-१५. इसहाकाची गुरंढोरं वाढली तेव्हा पलिष्ट्यांना हेवा वाटला आणि त्यांनी त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी मातीने बुजवून टाकल्या. त्या मुलखात दुष्काळ पडल्याचं याच अध्यायाच्या सुरुवातीला येतं. पाणी स्वतःकडे वळवून घेतलं असतं तर तो लोभ झाला असता. इथे पाणी कोणालाच मिळालं नाही. लोभ आणि हेवा यांतला फरक कोणाला समजावायचा असेल तर मी हीच दोन वचनं वाचून दाखवते.

राहेल आणि लेआवर थोडं थांबा. राहेल देखणी, नवऱ्याची लाडकी, पण तिला मूल नाही. लेआला मुलगे आहेत, पण नवऱ्याचं प्रेम नाही. ‘मला मुलं द्या, नाही तर मी मरते’ असं राहेल म्हणते. एकीकडे जे आहे तेच दुसरीला हवं आहे, आणि आपल्याकडे जे आहे ते दोघींनाही दिसत नाही. दोघींचा नवरा याकोब मधे उभा आहे आणि त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही; तुम्ही ठेवा. बापाने किंवा नवऱ्याने केलेला दुजाभाव हेव्याला खतपाणी घालतो, हे बायबल लपवत नाही. याच याकोबाने पुढे योसेफला वेगळा अंगरखा शिवला.

योसेफची गोष्ट वाचताना त्या अंगरख्यावर नजर ठेवा. भावांना त्याच्याशी धड बोलवतही नाही (३७:४). तो दुरून येताना दिसतो तेव्हाच बेत ठरतो. जवळ येताच पहिल्यांदा ते काय करतात? अंगरखा काढून घेतात. मग खड्ड्यात टाकतात, आणि मग जेवायला बसतात. ‘ते भाकर खायला बसले’ हे वाक्य इतकं साधं आहे की डोळा त्यावरून सरकून जातो. पुढे वीस रुप्यांना विक्री होते.

खड्ड्यातून योसेफ काही बोलला का? सदतिसाव्या अध्यायात त्याचा एक शब्द नाही. मग थेट ४२:२१ उघडा. सुमारे वीस वर्षं उलटली आहेत, भाऊ मिसरात धान्यासाठी आले आहेत, आणि संकटात सापडल्यावर आपसांत म्हणतात: तो काकुळतीने विनवत होता, त्याच्या जिवाची तडफड आपण पाहिली, तरी ऐकलं नाही. म्हणजे तो ओरडत होता. जेवण चाललं होतं तेव्हा तो खाली ओरडत होता, आणि लेखकाने ते आपल्याला वीस वर्षं ऐकू दिलं नाही, कारण भावांनीही ऐकून घेतलं नव्हतं. मला ही जागा सापडली त्या दिवशी मी पुढे वाचू शकले नाही.

चौथी पायरी : डोळ्यांकडे पाहा

‘डोळ्यांत खुपणं’, ‘डोळ्यांत सलणं’, ‘नजर लागणं’: मराठीत हेव्याचं घर डोळ्यांत आहे. बायबलमध्येही तसंच. पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ याला मारून दावीद परततो तेव्हा बायका नाचत गातात: शौलाने हजार मारले, दावीदाने दहा हजार. शौल हा हिशेब मनात करतो, आणि ‘त्या दिवसापासून’ दावीदावर त्याची वाकडी नजर पडते (१ शमुवेल १८:९). गाण्यात शौलाची निंदा नव्हती. हजारांचं श्रेय त्याला मिळालंच होतं. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात एका तान्ह्या बाळाची आठवण सांगतो. दुसरं बाळ दूध पीत असताना ते, बोलताही येत नसलेलं, फिकट चेहऱ्याने आणि कडवट नजरेने त्याच्याकडे पाहत होतं.

आपल्या घरांत बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतात. तिथे काळजी असते ज्याच्यावर नजर पडली त्याची. बायबल मात्र ज्याने नजर टाकली त्याच्याकडे वळून विचारतं, तुझ्या डोळ्याला काय झालं? मत्तय २०:१-१६ मधली द्राक्षमळ्याची गोष्ट याच प्रश्नावर येऊन थांबते.

मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, रोज एक दीनार ठरवून. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार. पहाटेचे मजूर कुरकुरतात. पहिल्यांदा वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाला त्यांचंच पटतं, आणि पटू द्यावं. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाची तक्रार हलक्यात घेऊ नये.

मग दुसऱ्यांदा वाचा आणि फक्त पैसे देण्याचा क्रम पाहा. मालक मुकादमाला सांगतो, शेवटच्यांपासून सुरू कर. पहाटेच्यांना आधी देऊन टाकलं असतं तर ते ठरलेला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते. त्यांना उभं राहून पाहावं लागलं. तक्रारीचे शब्दही नीट वाचा: ‘तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत.’ मजुरी कमी पडली असं ते म्हणतच नाहीत. त्यावर मालकाचं उत्तर मूळ ग्रीकमध्ये असं आहे: मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे काय? न्यायाच्या मागणीत आणि हेव्यात फरक कसा करायचा, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. आपल्याला मिळालेलं कमी झालं का, हे आधी मोजायचं.

पाचवी पायरी : सांगितलेलं कारण आणि खरं कारण

इथे वहीत दोनच रकाने. येशूवरचे आरोप लिहा: देवनिंदा (मत्तय २६:६५), कैसराला (रोमन सम्राटाला) कर देऊ नका म्हणणं, स्वतःला राजा म्हणवणं (लूक २३:२). मग मत्तय २७:१८ आणि मार्क १५:१० वाचा. रोमन सुभेदार पिलाताला ठाऊक होतं की धर्मपुढाऱ्यांनी येशूला हेव्याने धरून दिलं आहे. शब्द फ्थोनोस. धर्म, कायदा, राज्याची सुरक्षा अशी भारदस्त कारणं पुढे केली जात असताना एक परका अधिकारी आत काय चाललंय ते ओळखतो, आणि ओळखूनही मोकळं सोडत नाही.

इथे एक सावधगिरी अत्यंत गरजेची आहे. या वचनांचा आधार घेऊन शतकानुशतकं ख्रिस्ती समाजांनी सगळ्या यहुदी लोकांना दोषी ठरवलं, आणि त्याची भयंकर किंमत त्या लोकांनी मोजली. मार्क नेमकं ‘मुख्य याजक’ म्हणतो. येशू, त्याची आई, त्याचे शिष्य, सगळे यहुदीच होते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. हे वाचून मगच पुढे जा.

आणि पुढे जाल तेव्हा फिलिप्पैकरांस १:१५ लगेच वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे आणि सांगतो की काही जण ख्रिस्ताचीच घोषणा हेव्याने करतात. तोच शब्द, फ्थोनोस, आता मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या, आत. शिष्यही वेगळे नव्हते: आपल्यात मोठा कोण यावरून ते वाटेत भांडतात (मार्क ९:३४), आणि याकोब आणि योहान या शिष्यांनी (हा याकोब वेगळा) येशूच्या शेजारची जागा मागितली तेव्हा उरलेले दहा चिडतात (मार्क १०:४१).

सहावी पायरी : ज्यांना हेवा वाटायला हवा होता, पण वाटला नाही

तीन माणसं. गणना ११ मध्ये छावणीत एल्दाद आणि मेदाद भविष्यवाणी करू लागतात, एक तरुण धावत येऊन ते सांगतो, मोशेचा मदतनीस यहोशवा त्यांना थांबवा म्हणतो, आणि मोशे उलट विचारतो: माझ्या वतीने तुला हेवा वाटतो का? दुसरा योहान बाप्तिस्मा करणारा. त्याचे शिष्य तक्रार करतात की सगळे लोक आता येशूकडे चाललेत. योहान म्हणतो, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा (योहान ३:३०).

तिसरा योनाथान, आणि माझा जीव त्याच्यावर आहे. तो शौलाचा मुलगा, गादीचा वारस. दावीदामुळे सगळ्यात मोठं नुकसान होणार ते त्याचं, आणि शौल त्याला ते तोंडावर सांगतो: इशायाचा मुलगा (म्हणजे दावीद) जिवंत आहे तोवर तुझं राज्य टिकायचं नाही (१ शमुवेल २०:३१). बाप मुलाला हेवा शिकवतो आहे. पण योनाथानाने त्याआधीच आपला झगा काढून दावीदाला दिलेला असतो, तलवार, धनुष्य आणि कमरबंदासकट (१८:४). हे वाचताना उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायातला योसेफचा तो ओढून काढलेला अंगरखा आठवा. दोन्ही जागांना वहीत एकच खूण करून ठेवा.

सातवी पायरी : स्तोत्र ७३, मोठ्याने

हेवा करणारा माणूस ‘मी’ म्हणून स्वतःबद्दल उघड बोलतो अशी जागा फार दुर्मीळ. आसाफाच्या नावावरचं हे स्तोत्र तशी जागा आहे. माझे पाय घसरलेच होते, कारण मी गर्विष्ठांचा हेवा केला, असं तो म्हणतो. मग त्या लोकांची धष्टपुष्ट शरीरं, दुखणं नाही की काळजी नाही, हे सगळं बारकाईने वर्णन करतो. किती वेळ पाहत बसला असेल! देवाच्या मंदिरात गेल्यावर त्याचं मन फिरतं, आणि मागे वळून तो म्हणतो, मी तुझ्यापुढे जनावरासारखा होतो. मनात वाचू नका, आवाज काढून वाचा. तोवर आपण काइनाकडे, शौलाकडे बाहेरून पाहत असतो. इथे ‘मी’ आपल्याच तोंडून निघतो.

शेवटचं वाचन : लूक १५:२५-३२

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती बहुतेकांच्या लेखी धाकटा घरी येतो तिथे संपते. तुम्ही पंचविसाव्या वचनापासून वाचा. थोरला शेतात होता. घराजवळ येतो तर गाणंबजावणं ऐकू येतं. आत न जाता तो एका चाकराला विचारतो. कारण कळल्यावर रागावतो आणि आत जायला तयार होत नाही.

त्याचं बोलणं ऐका: मी इतकी वर्षं राबतो आहे, मला कधी एक करडू दिलं नाहीत, आणि ‘हा तुमचा मुलगा’ आला तर पोसलेलं वासरू कापलंत. ‘माझा भाऊ’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. आपल्याकडेही पोराचा राग आला की आई नवऱ्याला म्हणते, ‘बघा, तुमचा मुलगा!’ बाप उत्तरात तो शब्द परत आणून ठेवतो: ‘हा तुझा भाऊ’. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात मोजलेला शब्द.

आणि बाप कुठे उभा आहे ते पाहा. पाहुणे आत आहेत, ताटं वाढली आहेत, आणि यजमान अंगणात येऊन थोरल्याची समजूत काढतो आहे, ‘जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे’ असं सांगतो आहे. वहीचं पहिलं पान उघडा. काइनापाशी काय लिहिलं होतं ते वाचा.

थोरला आत गेला की नाही, हे लूक लिहीत नाही. बापाचं बोलणं संपतं तिथे अध्याय संपतो.